वरच्या वाडीची अंडी

कोंबडी तीन दिवस टोपलीतून उठली नव्हती, आणि टोपलीत अंडं एकही नव्हतं. नुसत्या पेंढ्यावर पिसं फुलवून ती बसली होती. हात पुढे केला की घशातल्या घशात गुरगुरायची. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, दारातूनच सांगितलं की तिला हौदात दोनदा बुडवून काढा, नाहीतर नाकात पीस घाला; खुडूक उतरेल आणि पुन्हा अंड्यावर येईल. मी बरं म्हटलं आणि काहीच केलं नाही.

"बसू द्या की तिला, आक्का," कला म्हणाली. "अंडी हाईत फडताळात. पिल्लं काढूया."

कला माझी सवत. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली, पदरात काही पडलं नाही, म्हणून मालकांनी तिला करून आणली होती. त्यालाही आता चार वर्षं होऊन गेली होती. ती बावीसची, मी बत्तीसची. आमचं घर गावात नव्हतं. गाव खाली ओढ्याकाठी, आणि आम्ही टेकाडावर, आमच्याच शेतात. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नव्हतं. कला आल्यावर मी माझं अंथरूण पडवीत आणलं होतं. पडवी आणि कोंबड्या, एवढं त्या घरात माझं म्हणायचं होतं.

मालक वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. फक्त कला आल्यापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलत. बैलाला पाणी दाखव, वैरण काढ, एवढंच. पुढं पुढं तेही माझ्याशी न बोलता बैलाकडे बघून बोलायला लागले.

अंडी मांडायची म्हणजे आमच्याकडे रीत होती. ज्या बाईचा पाळणा हलला आहे तिनंच मांडायची. वांझ बाईच्या हातानं मांडलेली अंडी फुटत नाहीत, असं सगळेच धरून चालायचे. मीही चालत होते. म्हणून आत्याबाईंनी गावातून पारूला बोलावून घेतलं. पारूला सहा पोरं. तिनं टोपलीत राख पसरली, वर पेंढा घातला, अकरा अंडी गोल मांडली, विजेची बाधा नको म्हणून कडेला कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, चहा प्यायली आणि गेली. आम्ही दोघी लांब उभ्या होतो.

सातव्या दिवशी मी अंडी पाहिली. पडवीला कुडाच्या भिंती होत्या, आत अंधार असायचा. भर दुपारी वरचं एक कौल जरा सरकवलं की उन्हाचा कवडसा थेट खाली यायचा. मुठीचं नळकांडं करून त्यात अंडं धरायचं आणि कवडशात न्यायचं. जीव धरलेला असेल तर आत तांबड्या शिरांचं जाळं दिसतं, मधे काळा ठिपका. मी एक धरलं. आरपार उजेड. दुसरं धरलं. तेही तसंच. अकराच्या अकरा अंडी काचेसारखी निव्वळ निघाली.

आत्याबाईंना सांगावं लागलं. त्यांनी आदळआपट केली नाही. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"दोन दोन वांझा घरात असल्यावर," त्या म्हणाल्या, "कोंबडीनं तरी काय करावं."

कला उठून गोठ्यात गेली.

त्याच दिवसांत मला कळलं की आत्याबाई घाटाखालच्या एका गावात जाऊन पोरगी बघून आल्या आहेत. तिसरी. पाडव्याच्या आत कलाला माहेरी नेऊन घालायचं आणि नवीन आणायची, असं ठरत होतं. मला घालवायचा प्रश्न नव्हता. मला माहेरच उरलं नव्हतं, आणि शेतातलं काम मी दोन गड्यांचं करत होते. कलाला बाप होता, भाऊ होता. पण वांझ म्हणून परत आलेल्या पोरीला आमच्यात पाट कोण लावणार? बापाच्या घरी भावजयीच्या हाताखाली भाकरी थापत जन्म काढायचा, हे तिच्या वाट्याला लिहिलं होतं. तिला ते माहीत होतं. तिचं जेवण कमी झालं होतं.

मी कोंबडीखालची अंडी तशीच राहू दिली, तिची बैठक मोडू नये म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी वर धनगरवाडीला गेले.

वर चिमाबाई राहायची. सत्तरी उलटलेली, कंबरेत वाकलेली, पण तिच्या अंगणात चाळीसभर कोंबड्या फिरत असायच्या. अंडी बदलायला लोक तिच्याकडे जात. अंड्याला अंडं द्यायचं, अशी तिची पद्धत. मी घरची ताजी तेरा अंडी कोंड्यात घालून नेली होती. आधीची अकराच्या अकरा निव्वळ निघाली, हे मी सांगितलं तेव्हा तिनं त्यातलं एक उचललं, हातात फिरवलं, आणि खाली ठेवलं.

"ही खायला बरी," ती म्हणाली. "पिल्लाला कामाची न्हाईत. कोंबडा कुठला तुमचा?"

मी सांगितलं. मालकांनी गेल्याच्या आदल्या दिवाळीला बाजारातून आणलेला, लाल, मोठ्या तुऱ्याचा. त्याच्या आधीचा जत्रेत देवाला दिला होता. हा आल्यापासून एकदा अंडी बसवली होती, ती पावसाळ्यात गडगडाटानं गेली असं आम्ही समजलो होतो. चिमाबाई ऐकत होती आणि अंडी मोजून घेत होती.

"गडगडाटानं सगळी जात न्हाईत, बाई. एखाददुसरं तरी ऱ्हातंच. तुमचा कोंबडाच रिकामा हाय."

"अगं, पण चांगला दांडगा आहे. बांग देतो, कोंबड्यांवर चढतो."

"चढंल की. दिसायला राजा असंल. असत्यात काही तशी. त्याच्याखाली कोंबड्या बदलून काय व्हायचं? तू धा कोंबड्या आण, अंडं निव्वळच निघायचं."

तिनं मला तिची तेरा अंडी दिली आणि ती परत कामाला लागली. तिच्या लेखी गोष्ट संपली होती.

मी डोंगर उतरायला लागले. वाटेत एका ठिकाणी बसले. दमले नव्हते. टोपली मांडीवर घेऊन बसले आणि खाली आमचं घर दिसत होतं तिकडे बघत राहिले. अंगणात कला धुणं वाळत घालत होती, एवढीशी दिसत होती. मला वाटलं, चौदा वर्षं. दर सोमवारचे उपास, अंगारे, त्या बाबाकडचा कडू काढा, ज्यानं मी आठ दिवस रक्त ओकले होते. मग उठले.

त्या वेळी पारूला कोणी बोलावलं नाही. आत्याबाईंना मी सांगितलंच नाही. मी हात धुतले आणि वरच्या वाडीची तेरा अंडी माझ्या हातानं मांडली. कला दारात उभी होती. ती म्हणाली, आक्का, तुमच्या हातानं? मी म्हटलं, माझ्याच. कोळसा ठेवला नाही, खिळा ठेवला नाही. कोंबडी तीच, टोपली तीच, कोपरा तोच.

सातव्या दिवशी कौल सरकवलं. कला माझ्याजवळ उकिडवी बसली. पहिलंच अंडं कवडशात धरलं आणि ती मागं सरली, जणू आतून कोणी बोललं. तांबड्या शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरल्या होत्या आणि मधला ठिपका हलत होता. तिनं स्वतःच्या हातानं दुसरं धरलं, मग तिसरं. तेरातली बारा जिवंत होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचा हात गुणाचा हाय. लोक खोटं बोलत्यात."

मी तिला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी पडवीत यायला लागली. आत्याबाई जेवून पडल्या की यायची, भुईवर बसायची. चार वर्षांत आम्ही दोघी भांडलो नव्हतो, पण बसून कधी बोललोही नव्हतो. आता ती बोलायला लागली. तिच्या गावच्या ओढ्यातले खेकडे कसे धरतात, तिची आई मेली तेव्हा ती केवढी होती, पहिल्यांदा हे घर दिसलं तेव्हा तिला वाटलं की एवढ्या उंचावर वारा किती असेल. मालकांच्या घोरण्याची नक्कल करायची आणि तोंडात पदर कोंबून हसायची. कोंबडी दिवसातून एकदा उतरायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, तेवढ्या वेळात कला अंड्यांवर गोधडीचा तुकडा टाकायची आणि गार होतील म्हणून दारात जाऊन कोंबडीला लवकर ये म्हणून दटावायची. मला हसू यायचं. माझ्या पडवीत त्या आधी कोणी हसलेलं मला आठवत नव्हतं.

मी रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज वाटायचं, उद्या. सांगितलं की ती जाणार, हे मला दिसत होतं. आणि नाही सांगितलं तरी ती जाणारच होती, पाडव्याआधी. मग थोडे दिवस तरी, असं मी मनाशी धरलं. मी तिला वाचवू शकत होते आणि मी उरलेल्या दुपारी मोजत होते.

एके दिवशी तिनं माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला, लुगड्यावरून, बेंबीच्या खाली. डोळे मिटून बसली. अंड्यांना आला तो गुण मलाही येऊ दे, एवढंच पुटपुटली. पोट गरम होतं आणि श्वासाबरोबर खालीवर होत होतं. मी हात काढून घेतला नाही. तेव्हाही बोलले नाही.

विसाव्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी चुलीपुढे सांगितलं की परवा कलाचा भाऊ तिला न्यायला येईल, तसा निरोप गेला आहे. आठ पंधरा दिवस माहेरी राहून ये, असं त्या म्हणाल्या. लुगडी सगळी ने, असंही म्हणाल्या. मालक तिथंच भाकरी खात होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी कला पडवीत आली. नेहमीसारखी भुईवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. कोंबडी त्या दिवशी उतरली नव्हती. तिच्या पोटाखालून बारीक आवाज येत होता. पिल्लं बाहेर पडायच्या आधी कवचाच्या आतून बोलतात, ते कलानं कधी ऐकलं नव्हतं. ऐकून तिचे डोळे भरले.

"आक्का, खरं सांगा. माझ्यात दोष हाय का?"

मी तिला बस म्हटलं. ती बसली.

"पहिली अकरा अंडी कुठली होती?" मी विचारलं.

"आपल्या घरची."

"मांडली कोणी?"

"पारूबाईनं."

"आणि ही?"

"वरच्या वाडीची. तुमी मांडली."

"कोंबडी?"

"तीच की."

"हात लेकुरवाळीचा होता तेव्हा एक निघालं नाही. वांझेचा होता तेव्हा बारा. मग बदललं काय?"

 बाहेर उकिरड्यावर तो लाल कोंबडा माती उकरत होता. मान वर करून त्यानं बांग दिली. कलानं हळूच मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, खांदे हलत होते, आणि ते हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं.

"तुमाला हे कवा कळलं?"

"वरच्या वाडीला गेले तेव्हा."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजे तीन हप्ते."

"हो."

"मी हितं रोज बसत हुते. तुमी बोलला न्हाईत."

मी टोपलीच्या कडेचा पेंढा सारखा केला. ती उठून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. बारातली अकरा. ओली, डोळे मिटलेली, मग वाळून कापसासारखी. कला बघायला आली नाही. घरात लुगड्यांच्या घड्या करत होती. एवढं सगळं उबवून झालं आणि ती आली नाही, म्हणून मीही त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही.

तिचा भाऊ आला. निघताना तिनं आत्याबाईंना वाकून नमस्कार केला, मालकांना केला. मग पडवीत आली. कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली होती. कला माझ्या पाया पडली आणि उठताना हळूच म्हणाली, "चला माझ्यासंगं."

मी म्हटलं, मी कुठं येऊ, मला कोण ठेवील. ती म्हणाली, मी ठेवीन. बावीस वर्षांची पोर, स्वतःचाच ठिकाणा नाही, आणि मला ठेवणार होती. मी तिला जा म्हटलं. टेकाड उतरेपर्यंत ती दिसत होती. डोक्यावर गाठोडं होतं. मागं वळून बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी आणायला जायचं नव्हतंच, पण तिच्याच बापाकडून निरोप आला की पोरगी परत येणार नाही, काडीमोड करून द्या. आत्याबाईंना हायसं वाटलं. पण घाटाखालच्या लोकांनी मात्र तोंड फिरवलं. आमची पोरगी लहान आहे, वर्षभर थांबतो, म्हणाले, आणि वर्षाच्या आत तिचं दुसरीकडे लग्न लावून मोकळे झाले. कोणी काय सांगितलं, कुठं सांगितलं, ते आमच्यापर्यंत आलं नाही. आत्याबाईंनी आणखी दोन ठिकाणं पाहिली. दोन्हीकडे पाणी मिळालं, चहा मिळाला नाही. पुढच्या पावसाळ्यात आत्याबाई वारल्या आणि तो विषय त्यांच्याबरोबर गेला.

त्यांचे दिवस झाल्यावर एका सकाळी मालक पडवीच्या दारात आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून बोलले.

"कलानं बापाला काय सांगितलं, तुला म्हाईत हाय?"

मी म्हटलं, नाही.

 ते बैल सोडायला गेले. त्यांना माझा शब्द पटला की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर घरात आम्ही दोघंच होतो, आणि एका चुलीवरचं खात होतो, आणि माझ्या मनात एकच धास्ती असायची की हे कधीतरी त्यांना कळेल आणि मी उघड्यावर पडेन.

दोन वर्षांनी कार्तिकात पोस्टमन टेकाड चढून आला. मला कोणाचं पत्र येण्यासारखं नव्हतं. निळं आंतर्देशीय, चारी बाजूंनी चिकटवलेलं. त्यानं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. कला. पुढं नव्या नवऱ्याचं नाव होतं, लांबच्या तालुक्यातलं गाव होतं. म्हणजे तिला पाट लागला होता. पोस्टमन नेहमीच्या सवयीनं कड फाडायला लागला. गावात सगळ्यांची पत्रं तोच वाचून दाखवायचा. मी त्याच्या हातातून पत्र ओढून घेतलं. नको म्हटलं. आत काय असेल, मला माहीत नव्हतं. कोंबड्याचं असेल, अंड्यांचं असेल. ते त्याच्या तोंडून खालच्या पारावर जायला एक दुपार पुरली असती. गावात वाचणारी चार माणसं, आणि चौघंही मालकांच्या उठण्याबसण्यातली. मी पत्र माझ्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवलं. दुसरं पत्र आलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी गावात बायकांसाठी शिकवणीचा वर्ग निघाला. तोवर मालक गेले होते. दुपारी देवळात बसायचं, एक बाई तालुक्याहून येऊन शिकवायची. मी टेकाड उतरून रोज जायचे. बाकीच्या हसायच्या, या वयात काय मामलेदारीण व्हायचं आहे का म्हणून. सगळ्यांत आधी जोडाक्षरं मला यायला लागली. वर्ष झालं तेव्हा मी एका दुपारी पेटी उघडली.

घड्यांवर कागद फाटत आला होता. शाई फिकी झाली होती. अक्षर कोणा पुरुषाचं होतं, तिच्या नवऱ्याचं असावं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

"आक्कास कलाचा नमस्कार. मी बरी आहे. मला मुलगी झाली. आमच्या यांना बहीण नाही. मुलीच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. ते तुम्हीच सांगायचं. पौर्णिमेला या. स्टँडवर हे स्वतः येऊन थांबतील. तुम्ही येईपर्यंत आम्ही नाव ठेवणार नाही."

मी त्या पत्त्यावर उत्तर लिहिलं. आयुष्यातलं माझ्या हातचं पहिलं पत्र. महिन्यानं ते परत आलं. वर शाईनं लिहिलं होतं की या नावाचं कोणी इथं राहत नाही. तेही मीच वाचलं.

त्या मुलीचं नाव काय ठेवलं, मला अजून माहीत नाही.